जटामहाराजांचा निळा अंगठा

या, असे जवळ सरकून बसा. भिंतीला टेकलात तरी चालेल, पण डोळे मिटू नका. डोळे मिटून ऐकणाऱ्यांचंच या गोष्टीत नुकसान झालंय. देवाचं नाव घेऊन गोष्ट सुरू करतो आपण. मात्र या गोष्टीत देव कुठेच नाही, त्याच्या नावाचं दुकान तेवढं आहे.

त्या सकाळी दादांच्या बैठकीच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. जिन्यात माणसं, खिडकीत माणसं, आणि घरातल्या एकुलत्या एका गादीच्या खुर्चीवर जटामहाराज. जटा एवढ्या, की मान आधी वळायची आणि जटा मागाहून यायच्या.

दादांच्या लेकीला चाई पडली होती. दहा वर्षांची पोर, डोक्यावर नाण्याएवढे दोन गुळगुळीत गोल. डॉक्टरीणबाईंनी मलम दिलं आणि म्हणाल्या, "धीर धरा, बहुतेकदा केस परत येतात." पण धीर कुठल्या दुकानात मिळतो? महाराजांचं कृपातेल मात्र कोपऱ्यावर मिळत होतं. वहिनींनी बाटली आणली. महाराजांनी मलम बंद करायला लावलं आणि निदान सांगितलं, "केस गळत नाहीयेत, माई. कुणीतरी ओढतंय. हात घरातलाच आहे!"

घरात हात ते किती? दादा, वहिनी, लेक आणि आत्या. आत्या म्हणजे दादांची थोरली बहीण. तीस वर्षं स्वयंपाकघरामागच्या खोलीत राहिलेली, भजन ऐकताना डोळे भरून येणारी बाई. दर दोन महिन्यांनी ती लोखंडी कढईत तेल करायची. माक्याचा रस, जास्वंदीची फुलं, कढीलिंब. मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत ढवळायचं, मग फडक्यातून गाळायचं. गल्लीतल्या निम्म्या बायका रिकाम्या बाटल्या घेऊन यायच्या. कृपातेलाला या गल्लीत गिऱ्हाईक का नव्हतं, हे आता तुमच्या ध्यानात आलं असेल. महाराजांच्याही आलं होतं.

घरच्यांनी ते तेल तीस वर्षं डोक्याला चोळलं. करताना एकदाही पाहिलं नाही. वास येतो म्हणून दार लोटून घ्यायचे. एवढी एकच चूक, पण ती विसरू नका.

"अग्नीची साक्ष!" महाराज गरजले. चार पणत्यांवर चार वाट्या, वाट्यांत स्वच्छ तेल. प्रत्येकाने कापसाचा बोळा कपाळाला लावून महाराजांच्या हाती द्यायचा, महाराजांनी तो वाटीत सोडायचा. "ज्याचं मन निर्मळ, त्याचं तेल निर्मळ. ज्याच्या पोटात विष, त्याच्या वाटीत रक्त!"

दादांची वाटी निर्मळ. वहिनींची निर्मळ, त्यांनी सोडलेला सुस्कारा जिन्यापर्यंत ऐकू गेला. पोरीची निर्मळ. आत्याचा बोळा पडला. आधी एक लाल तंतू सुटला, मग दुसरा, आणि बघता बघता वाटी लालभडक.

"अगंबाई!" खिडकीतून कुणीतरी किंचाळलं.

"तरीच!" वहिनींनी लेकीला मागे ओढलं. "रोज हिच्या डोक्यावरून हात फिरवायच्या!"

दादांनी वर न बघताच म्हटलं, "ताई, सामान बांध."

"आत्या कुठे नाही जाणार!" पोर रडायला लागली.

तीस वर्षांचा आसरा, आणि दोन शब्दांत संपलेला. तिने वाटीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. हा लाल रंग तिच्या चांगल्या ओळखीचा होता. रतनजोत! शेवटी कोमट तेलात घालायची ती मुळी. तिच्या हिरव्याकाळ्या तेलात तो रंग बुडून जायचा, पण सुटताना अस्साच सुटायचा, तंतू तंतू. तिची नजर महाराजांच्या उजव्या अंगठ्यावर गेली. नखाची कड जांभळट. तेल केलं की तिचीही तश्शीच व्हायची.

पण बोलणार कुणाशी? ज्याच्यावर आळ, त्याचं खरंही लोकांना खोटंच वाटतं. आत्याने हात जोडले.

"महाराज, माझ्या पापाचा बोळा तुमच्या हाताला लागला. निदान हात तरी धुऊन देते."

महाराज खूश झाले. आत्याने वाडग्यात पाणी आणलं, धुण्याचा सोडा घातलेलं. महाराजांनी ऐटीत अंगठा बुडवला. बाहेर काढला तो निळा.

शेजारचे शिंपीकाका गहिवरून ओरडले, "निळा! साक्षात देव प्रकटला!" आणि चारजण लोटांगणाला वाकले.

"थांबा, काका, कंबर धरेल," आत्या म्हणाली. तिने फळीवरून डबा आणला, चिमूटभर रतनजोत तेलाच्या बोटाने चोळली, अंगठा वाडग्यात बुडवला. निळा. "रतनजोत सोड्याच्या पाण्यात निळी होते, काका. आता माझ्याही पाया पडा."

खिडकीत कुणीतरी फिसकन हसलं.

"दादा, तू नवीन बोळा घे. माझ्या कपाळाला लाव आणि तुझ्याच हाताने तुझ्या वाटीत सोड. महाराजांनी मधे यायचं नाही."

"विधी भंगेल!" महाराज उठले.

"बसा," दादा म्हणाले. बोळा पडला. तेल निर्मळ. मग आत्याने डब्यातली चिमूट दुसऱ्या बोळ्यात दाबली आणि तो बोळा वहिनींच्या वाटीत सोडला. लालभडक.

वहिनींचा चेहरा तेलापेक्षा लाल झाला. महाराज जटा सावरत जिना उतरले. दादा मात्र खाली बसले, वाटीकडे बघत. "ताई, हे तुझ्या तेलात असतं?"

"तीस वर्षं असतं. दार उघडून पाहिलं असतंस तर आज विचारावं लागलं नसतं."

मलम पुन्हा सुरू झालं. काही महिन्यांनी त्या दोन गोलांवर लव आली. लगेच गल्ली बाटल्या घेऊन दारात हजर! शिंपीकाका पुढे. "आत्या, तुमच्याच तेलाचा चमत्कार!"

"काका, एक महाराज घालवला, आता मला बसवताय?" आत्याने कढईतला झारा त्यांच्यावर रोखला. "हे तेल केस मऊ करतं, गुंता सोडवतं. चाईचं डॉक्टरीणबाईंना विचारा. आणि तेल हवं असेल तर आत या, ढवळायला बसा. आता बघितल्याशिवाय कुणाला थेंब मिळणार नाही."

त्या दिवशी पहिल्यांदा दार सताड उघडं होतं. वहिनी फडकं धरून गाळत होत्या. धरलं होतं घट्ट.

तर ऐकणाऱ्यांनो, देवाला मनोभावे हात जोडा, माझी ना नाही. पण कुणी त्याच्या नावाने वाटीत रक्त दाखवलं, तर जोडलेले हात सोडा आणि विचारा: हा बोळा कुणाच्या बोटांतून गेला? आम्ही आमच्या हाताने टाकला तर काय होईल? आणि उद्या डोक्याला तेल लावाल तेव्हा, निळ्या अंगठ्याच्या त्या आत्याची एवढी आठवण ठेवा.