दोन बोटांची जागा

मित्रांनो, बळीरामची लेक प्रेमिला खाप्याला दिली, त्या उन्हाळ्यात माझा जन्म झाला. ते साल एकोणीसशे अडुसष्ट. लग्नाचा मांडव उतरून आठ दिवसही झाले नव्हते आणि बळीराम पुन्हा कातडे घेऊन बसला होता. मी एक जुना चामड्याचा पट्टा आहे, कुत्र्याच्या गळ्यातला. माझ्या मध्यावर एक जोड आहे. तो कसा आला ते तुम्हाला सांगतो. ज्यांच्यामुळे तो आला त्यांच्यावर माझा राग नाही. राग बरोबरीच्या माणसावर धरायचा असतो.

बळीराम नागपूरच्या सदर भागात एका कडुनिंबाखाली बसायचा. तरुणपणी तो टांग्याच्या घोड्यांचे साज शिवायला शिकला होता. टांगे कमी झाले, तशी चपलांचे अंगठे आणि पिशव्यांचे बंद अशी कामे त्याच्याकडे येऊ लागली. ती तो करी, पण साजाचा हात विसरला नव्हता.

समोरच्या बंगल्यात भैयाजी राहत. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. त्यांचा जिमी नावाचा तांबूस, लांब कानांचा कुत्रा होता. तो सोफ्यावर झोपे आणि भैयाजींच्या ताटातली पोळी खाई. आल्यागेल्याला ते सांगत, "हा माहा तिसरा मुलगा होय." एकदा ते त्याला घेऊन कडुनिंबाखाली आले.

"काय गा बळीराम, जिमीसाठी पट्टा बनवून देतो काय? बजारातले दोन महिन्यांत तुटतात."

"देतो ना, भैयाजी. त्याले जरा इकडं आणा, गळ्याचं माप घेतो."

भैयाजींनी कुत्र्याला झटकन मागे ओढले. "तू काहून हात लावतो त्याले? माप मी घरून पाठवतो."

"मंग सुतळी जरा सैल ठेवा. पट्ट्याखालून दोन बोटं गेली पाहिजे."

"तीस वर्षं कचेरी चालवली मी. तू मले माप शिकवून राहिला?"

दुसऱ्या दिवशी गडी सुतळी घेऊन आला. तिच्यावरची मापाची गाठ बळीरामने पाहिली. त्याने स्वतःची दोन बोटे सुतळीशेजारी ठेवली आणि तेवढी लांबी आपल्या मनाने वाढवली. तीस वर्षे कचेरी चालवलेल्या माणसाला कुत्रा श्वास घेतो हे ठाऊक नव्हते.

मित्रांनो, माझे कातडे जनावराच्या पाठीचे आहे. बाभळीच्या सालीच्या पाण्यात कमावलेले. बळीरामने ते रापीच्या धारदार पात्याने पातळ केले, दोन पदर एकावर एक ठेवले, आरीने भोके पाडली आणि मेण लावलेला दोरा दोन सुयांनी शिवला. एका भोकातून एक सुई इकडून आणि दुसरी तिकडून. असा टाका एक तुटला तरी शेजारचा उसवत नाही. माझ्याबरोबर त्याने एक वादीही केली, चार हात लांब, बिनजोड, माणसाने धरायची. मग आम्हा दोघांना त्याने दोन दिवस एरंडेल पाजले. बाजारातले पट्टे वरून चकचकतात आणि आतून पुठ्ठ्याचे असतात. त्यांच्याशी मी कधी बोललो नाही.

शेवटी त्याने आरीच्या टोकाने माझ्यावर ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरे काढली: जिमी. अक्षरे तो चाळिशीत शिकला होता, दीक्षेनंतर, विहारातल्या वर्गात. त्याची बायको तुळसाबाई तांदूळ निवडत त्याच्याकडे पाहत होती.

"पोरीच्या लग्नाच्या पत्रिकांवर पाव्हण्यांची नावं लिहाले तुम्हाले आठ दिवस लागले," ती म्हणाली, "अन् कुत्र्याचं नाव एका बैठकीत?"

"पत्रिकेवर खोडता येत होतं वं. इथं खोडता येत नाही, म्हणून एका दमात लिहिलं."

बळीरामने मला बंगल्यावर नेले, तेव्हा भैयाजी आतून म्हणाले, "ओट्यावर ठेव." त्याने मला ओट्यावर ठेवले.

"याले पाणी लावू नका, भैयाजी. मळला तं कोरड्या फडक्यानं पुसा. महिन्यातून एक डाव एरंडेल द्या. उद्या बुद्धजयंती आहे, मी बसणार नाही. काही कमी-जास्त असलं तं परवा सांगा."

तो गेल्यावर भैयाजींनी माझी अक्षरे वाचली आणि हसले. "शोभा, पाहा, हा लिहाले लागला."

त्यांच्या पत्नी शोभाताई मात्र हसल्या नाहीत. "त्याच्या हातचं असंच घालता काय? जिमी देवघरापर्यंत येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घंगाळात गोमूत्र टाकले, वरून उकळते पाणी ओतले आणि मला काठीने आत लोटले. चूल पेटवावी तशी माझी कातडी पेटली. दोन दिवस प्यालेले तेल तवंग होऊन वर तरंगू लागले. चामडे कढत पाण्यात आखडते हे साज शिवणाराच्या घरातले लहान पोरही सांगेल. या घरात तसे पोर नव्हते. मला ओल्यानेच जिमीच्या गळ्यात घातले; मी मऊ होतो, ओढला तसा ताणलो आणि शेवटच्या भोकात कसाबसा बसलो. "अंगावरच सुकते," शोभाताई म्हणाल्या. जिमीला वादीने व्हरांड्याच्या खांबाला बांधले. तो वैशाख होता, नागपूरचा.

थोड्या वेळाने शेजारचे बाबाराव आले. मला पाहून म्हणाले, "काय शिलाई आहे, भैयाजी. कुठून आणला?"

"कानपूरहून मागवला," भैयाजी म्हणाले.

मी ते ऐकले. माझ्या पाठीवर नागपूरच्या माणसाची अक्षरे होती, आणि मी कानपूरचा झालो होतो.

ऊन चढले. मी सुकू लागलो, आणि मला माझे आखडणे थांबवता येईना. आधी जिमीने मागच्या पायाने मला खाजवले. मग तो खाजवायचा थांबला आणि मान लांब करून उभा राहिला. दुपारी त्याने पाण्यात तोंड घातले, पण पाणी आत जाईना. जीभ काळी पडायला लागली. बळीरामने ठेवलेली दोन बोटांची जागा गेली होती. तेथे आता मी होतो, लाकडासारखा. बक्कलाची कडी रुतून बसली होती. शोभाताईंची कात्री माझ्यावरून घसरली. भैयाजींनी सुरी घेतली, तर जिमी त्यांच्यावर गुरगुरला आणि सुरी हातातून पडली.

गलका ऐकून परत आलेले बाबाराव पायरीवर उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "आता काय करता, कानपूरले तार करता काय?"

भैयाजींनी खांबाची वादी सोडली. त्यांनी गड्याला रिक्षा आणायला पाठवले.

बळीराम राहत होता त्या सक्करदऱ्याला पोहोचेपर्यंत जिमीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते. बळीरामच्या घरात सकाळची वंदना होऊन खीर वाटली गेली होती. पांढरा सदरा घातलेला बळीराम दारात आला. त्याने मला पाहिले, आणि त्याला सगळे कळले. आज हात लावू का, असे त्याने विचारले नाही. जिमीचे डोके मांडीवर घेऊन तो मातीत बसला आणि म्हणाला, "रापी आण वं."

माझ्याखाली दोन बोटे जाणार नव्हती. त्याने डाव्या हाताची करंगळी घुसवली. तीही कातडी सोलून आत गेली. मग करंगळीवरच रापी धरून त्याने मला कापायला घेतले, म्हणजे पाते घसरले तर कुत्र्याच्या गळ्यात न जाता त्याच्या बोटात जावे. त्याने मला इतका पक्का बनवला होता की मला कापायला त्यालाच सगळा जोर लावावा लागला. तिसऱ्या ओढीला मी तुटलो. नावातला जि एकीकडे, मी दुसरीकडे. मध्ये त्याचे रक्त.

जिमीने घरघरत श्वास घेतला. मग दुसरा घेतला. तुळसाबाईने जर्मनच्या गंजात, पसरट पातेल्यात, पाणी ठेवले आणि तो पडल्या पडल्या ते प्याला. तिने भैयाजींपुढेही पेला धरला.

"प्या. उन्हातून आले."

भैयाजींचे ओठ फुटले होते. त्यांनी पेल्याकडे पाहिले. "मले तहान नाही," ते म्हणाले.

तुळसाबाईने तो पेला जिमीच्या गंजात ओतला. जिमी तेही प्याला.

बळीराम बोटाला चिंधी बांधत होता. भैयाजी म्हणाले, "दुसरा बनवून दे गा. याच्याइतकाच मजबूत."

"नाही."

"काहून?"

"तुम्ही तो बी धुवाल."

"अन् आता घरी जाऊन याले बी उकळत्या पाण्यातून काढाल काय?" तुळसाबाईने जिमीकडे बोट दाखवले. "आमच्या मांडीवर बसला न तो."

भैयाजी जिमीला घेऊन रिक्षात बसले. त्या संध्याकाळी जिमीला ओट्यावर गोमूत्र घालून आंघोळ घातली, असे गड्याने नंतर सांगितले. पाणी थंड होते म्हणे. तेवढी अक्कल त्या घराला माझ्याकडून मिळाली. वादी मात्र त्यांच्याकडेच राहिली. तिचे पुढे काय झाले, मला कळले नाही.

बळीरामने मला फेकले नाही. रोज थोडे एरंडेल चोळून महिनाभराने त्याने मला वळता केले, आणि जिथे कापले होते तिथे नव्या कातड्याचा तुकडा जोडला. तुकडा दोन बोटांहून रुंद आहे. पुढे मी त्याच्या दारातल्या काळी नावाच्या गावठी कुत्रीच्या गळ्यात अकरा वर्षे होतो. तिच्या गळ्यात जिमीचे नाव होते. ते वाचून हसायला त्या वस्तीत कुणाला फुरसत नव्हती. बळीरामची ती करंगळी मात्र पुन्हा पुरती वाकली नाही. टाका घालताना ती एकटीच सरळ राही.

मित्रांनो, आता मी खिळ्याला टांगलेला आहे. तुमच्या घरी कुत्रा असेल तर आज त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटे घालून पाहा. जात नसतील, तर पट्टा सैल करा. चामड्याला पाणी नको, तेल द्या. आणि ज्याने तो पट्टा शिवला, त्याच्या हातून तो हातात घ्या, ओट्यावरून उचलू नका. एवढे जमत नसेल तर कुत्रा पाळू नका. मांजर पाळा, ती तुम्हाला विचारणार नाही.

जिमी एकोणीसशे बहात्तर साली मेला. काळी एकोणऐंशीच्या पावसाळ्यात गेली. बळीराम एकोणीसशे ब्याऐंशी सालच्या चौदा फेब्रुवारीला, रविवारी सकाळी, सक्करदऱ्याच्या घरी वारला. भैयाजी आहेत की गेले, ते मी कुणाला विचारले नाही.