देखभालीचे सतरा दिवस

"साखर मागावी लागते, राख मात्र आपली आपण येते," ऑफिसात नकाशे काढणारे काका पुटपुटले. चहावर तरंगणारं काहीतरी ते बोटाने कपाच्या काठाकडे ढकलत होते.

शेजारच्या टेबलावरच्या वहिनींनी ऐकलं. वहिनी म्हणजे वीजकेंद्राच्या ऑफिसातल्या टायपिस्ट. नवरा कंट्रोल रूममध्ये, म्हणून त्या साऱ्या ऑफिसच्या वहिनी. साठीला टेकलेले काकाही त्यांना वहिनीच म्हणायचे. एरवी त्यांनी काकांना एखादा टोला परत दिला असता. आज जीव थाऱ्यावर नव्हता.

नऊ वर्षांची लेक सकाळी उशीला टेकून बसलेली होती. आडवं पडलं की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. मागच्या खेपेला डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, जागा बदला, पुढच्या झटक्याची हमी मी देणार नाही. जागा बदला! जशी काही उशीचा अभ्रा बदलायचा होता. क्वार्टर नोकरीचं, आणि नोकरी चिमणीखालची.

लेकीचं लाडाचं नावही चिमणीच. ठेवलं तेव्हा क्वार्टर मिळायचं होतं. मिळाल्यावर नवरा म्हणाला होता, एक चिमणी घरात, एक दारात, चैन आहे आपली. अलीकडे ही गंमत घरात कोणी करत नव्हतं.

संध्याकाळी पुन्हा डॉक्टरांकडे जायचं होतं. लेकीला ज्या ज्या दिवशी दम लागला त्या तारखा वहिनी गेले सहा महिने एका वहीत लिहून ठेवायच्या. वही ऑफिसच्या कपाटातलीच, हिरव्या पुठ्ठ्याची. एवढी एक चोरी त्यांनी आयुष्यात केली होती. आजची नोंद झाल्यावर ती टेबलावर उघडीच राहिली होती.

साहेब आले. "वहिनी, उद्या वरच्या ऑफिसची माणसं येतायत. राख अडवायचा नवा संच घ्यायचा की जुनाच रेटायचा, ते ठरेल. खर्चाची बाजू झाली?"

"झाली."

"फायद्याची?"

"वस्तीचं आरोग्य, तिथे आकडा नाही."

"मग आडवी रेघ मारा. मोजता येत नाही त्याचा आकडा आणायचा कुठून?" साहेब तसे वाईट नव्हते. बोलताना त्यांनी नजर चुकवली, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "आणि गेल्या सहा महिन्यांत जुना संच देखभालीसाठी बंद होता, त्या तारखा टाका. तेवढे दिवस वीज वाचली, ती बचत दाखवायचीय. कंट्रोल रूमची हिरवी वही दिलीय ना तुम्हाला?"

देखभाल हा इथला मोठा सोयीचा शब्द. संच बिघडला की देखभाल, आणि वीज खातो म्हणून मुद्दाम बंद ठेवला तरी देखभालच. आभाळ भरून आलं की हमखास देखभाल निघायची. करड्या आभाळात करडा धूर दिसत नाही. हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या चुली त्याच कोळशावर पेटत होत्या.

वहिनींनी हिरव्या वहीवर उभी पट्टी ठेवली, तारखांचा रकाना तेवढा उघडा ठेवला आणि टाईप करायला लागल्या. मजकूर वाचला की बोटं चुकतात, हा त्यांचा वीस वर्षांचा अनुभव. सतरा तारखा झाल्या. साहेबांनी टेबलावरची वही उचलून कागद ताडला आणि एकेका तारखेवर बरोबरची खूण केली.

"सतराच्या सतरा बरोबर. तुमच्या कामात खोट नसते, वहिनी."

वहिनींनी मान डोलावली आणि साहेबांकडून वही घ्यायला हात पुढे केला. पण जिच्यावरून टाईप केलं ती वही तर त्यांच्या कोपराखालीच होती. मग साहेबांच्या हातात कोणती होती?

त्यांनी पट्टी उचलली. पहिल्या तारखेपुढे त्यांच्याच अक्षरात होतं: दम्याचा पंप दोनदा. तिसरीपुढे: शाळा नाही. अकरावीपुढे: ओठ निळे, दवाखान्यात.

इतक्यात नवरा आला. तारखांच्या कागदावर कंट्रोल रूमची सही लागते, म्हणून साहेबांनीच त्याला बोलावलं होतं.

"करा सही, झालंच आहे सगळं," साहेब म्हणाले.

वहिनींनी कागदाशेजारी लेकीची वही सरकवली. "तारखा यातून टाईप झाल्या."

नवऱ्याने पेन उघडलं होतं. ते तसंच राहिलं.

"चुकून झालं असेल, तर करा दुरुस्त," साहेब म्हणाले.

"चुकलं कुठे, साहेब? तुम्हीच ताडून पाहिलंत. सतराच्या सतरा."

साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी धरल्या.

"असतो एखादा योगायोग," काका हळूच म्हणाले. त्यांना वहिनींना वाचवायचं होतं की साहेबांना, कोण जाणे.

"हे बघा वहिनी," साहेब खाली बसले. "मला कळत नाही का? पण रोज संच चालवला तर केंद्र तोट्यात जातं. उद्या टाळं लागलं, तर ही पोर घेऊन तुम्ही राहणार कुठे?"

दुसरी जागा असती तर वहिनी इतकी वर्षं इथे राहिल्या असत्या का? त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याचं बोट अकराव्या ओळीवर होतं, आणि ते हलत नव्हतं.

"सही करून मोकळे व्हा," साहेब मऊपणे म्हणाले. "देखभाल म्हणजे देखभाल. तुमच्यावर काही येत नाही."

"देखभाल एकही दिवस नव्हती, साहेब. संच मी बंद करायचो." नवऱ्याने पेन मिटलं आणि बायकोकडे वळला. "आणि बटण दाबताना दर वेळी मला माहीत असायचं, आज आपल्या पोरीला दम लागणार."