कुंकवानं मिटलेलं माझं तोंड

हसा, मित्रांनो, खुशाल हसा! मी एक जुना मोबाईल फोन आहे. विटेसारखं जाडजूड अंग, डोक्यावर काडीसारखी अँटेना, बटणांवरचे आकडे पुसलेले. पण एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साली हिंदुरावांनी मला पुण्याहून वडगाव निंबाळकरात आणलं, तेव्हा मला बघायला अख्खी आळी लोटली होती. ते कौतुक आठवलं की आज मला लाजच वाटते.

माझ्यात गुण नव्हते असं नाही. वायरीची कटकट नाही, खिशात घातलं की हिंदुराव निघाले. पण उणिवा कुणाला सांगू? घरात रेंज शून्य. कॅनॉलच्या भरावावर चढलं तरच माझ्या जिवात जीव यायचा, आणि दिवस मावळायच्या आत बॅटरी मान टाकायची. घरातला जुना तारेचा काळा फोन वीज गेली तरी खणखणीत चालायचा म्हणे. हिंदुरावांनी मात्र मी आल्या आल्या ऐटीत त्याची लाइन बंद करून टाकली.

"हिंदुराव, बोलायला भराव चढायचा, ह्यो कसला फोन?" शेजारचे रावजी तात्या चिडवायचे.

"तात्या, तुमचा फोन येतोय का उसाच्या फडात? मग गप बसा," हिंदुराव मिशीत हसायचे.

त्या काळ्या फोनची एक गोष्ट घरात सगळ्यांना ठाऊक होती. हिंदुरावांच्या लेकीनं, सुकन्यानं, घरच्यांना न विचारता पळसदेवच्या दीपकशी लग्न केलं होतं. तेव्हापासून तिचा आवाज ऐकला की हिंदुराव रिसीव्हर आपटायचे. दोन वर्षं हेच चाललं होतं.

खंडेनवमीला ट्रॅक्टर, कोयते, विळे यांच्या पंगतीत मलाही पाटावर बसवलं. हिंदुरावांच्या आई, बनाबाई, ओल्या कुंकवाचं बोट घेऊन पुढं आल्या. मला उलटंपालटं करून त्यांनी खालची बारीक छिद्रं शोधली.

"हितनंच बोलतंय न्हवं? मग हितंच लावते," म्हणाल्या, आणि चांगलं दाबून बोट टेकवलं. वरून फुलानं पाणी शिंपडलं. बिचाऱ्या माउलीनं मायेनंच केलं सगळं. रात्रीतून ते कुंकू वाळून घट्ट बसलं.

दुसऱ्या दिवशी दसरा. आपट्याचं सोनं वाटून झाल्यावर हिंदुराव तात्यांना घेऊन भरावावर आले, माझी करामत दाखवायला. तेवढ्यात मी वाजलो.

"आबा, मी सुकन्या. ठेवू नका, तुमच्या पाया पडते. आजीनं लंबर दिला." तिचा श्वास मला ऐकू येत होता. "मला सातवा लागलाय, आबा. पहिलं बाळंतपण माहेरात असतं. मी येऊ का?"

हिंदुरावांनी मला दोन्ही हातांनी धरलं. मग दोन वर्षं कोंडलेलं सगळं एकदम बाहेर आलं. "ये गं बाई! आजच ये! तुझंच घर हाय!" फडातले बगळे उडाले, एवढ्यानं ओरडले ते. पण ते शब्द माझ्या तोंडापाशी येऊन थांबले. एकही पलीकडं गेला नाही.

"आबा? बोला की. न्हाय म्हणायचं असंल तर न्हाय म्हणा, पर बोला."

"अगं ये म्हणतोय न्हवं!"

"बरं, ऱ्हाऊ द्या. सणाचा तुमाला तरास दिला." फोन कट झाला.

मित्रांनो, तिचा हुंदका मी जसाच्या तसा पोचवला आणि तिच्या बापाचा एवढासा होकार मला नेता आला नाही. भूमी दुभंगावी आणि तिनं मला पोटात घ्यावं, असं वाटलं!

हिंदुरावांनी लगेच उलटा फोन लावला. तिकडून एसटीडी बूथवाला "हॅलो, कोण बोलतंय?" करत राहिला आणि त्यानं फोन ठेवला. तेव्हा कुठं तात्यांच्या ध्यानात आलं. "हिंदुराव, आवाजच जाईना तुमचा! पोरीला वाटलं, तुमी अजून रागातच हाय." तात्यांनी तडक जीप काढली. भिगवण मागं टाकून दोघं पळसदेवला पोचले.

दारात सुकन्या उभी होती. डोळे सुजलेले. हिंदुरावांनी मला तिच्यापुढं धरलं. "मी ये म्हणत हुतो गं. ह्येचंच तोंड बंद पडलं."

तिनं मला हातात घेतलं. छिद्रांतला लाल रंग पाहिला आणि रडता रडता हसली. "आजीचं काम दिसतंय." मग बांगडीतली पिन काढून तिनं ते कुंकू हलक्या हातानं कोरून काढलं, पदरानं मला पुसलं आणि बापाच्या हातात परत दिलं.

"घ्या. ह्येचं तोंड झालं मोकळं. ह्यो तर आजच मुका झाला, आबा. दोन वर्षं तुमचं तोंड कशानं बंद हुतं?"

हिंदुरावांची मान खाली गेली. खिशातून त्यांनी चुरगळलेलं आपट्याचं पान काढून तिच्या हातावर ठेवलं. "चुकलं माझं, पोरी. चल घरी."

आता माझी जागा कपाटात, सुकन्याच्या पोराच्या जुन्या खेळण्यांमध्ये. मित्रांनो, तुमच्या नव्या फोनची पूजा करा, पण त्याच्या तोंडाला कुंकू लावू नका. कोरड्या फडक्यानं पुसा, तेवढं पुरे. आणि कुणाचा फोन आला तर बोला रे. त्या दारात मला रेंज नव्हती, पण हिंदुरावांचं बोलणं तिला नीट ऐकू गेलं.