पुलापलीकडे गेलेलं मॅगझीन

ऑरिन हॅस्केटचं बंदुकांचं दुकान स्नेक नदीच्या आयडाहोकडच्या काठावर, आणि मुलगी ट्विला लग्न करून राहिलेली समोरच्या काठावर, वॉशिंग्टन राज्यात. मध्ये एक पूल. लोक त्यावरून कोपऱ्यावर दूध आणायला जावं तसे ये-जा करतात, पण कायदा मात्र पुलाच्या मधोमध बदलतो. रायफलला खालून अडकवायची काडतुसांची डबी, म्हणजे मॅगझीन, आयडाहोत खिळ्यांसारखी विकली जाते. ना कागद, ना चौकशी. वॉशिंग्टनात दहापेक्षा जास्त काडतुसांचं मॅगझीन विकायला आणि बाहेरून आणायला बंदी. बंदीआधीपासून घरात असेल तर राहू दे. ते घेऊन राज्याबाहेर गेलात तर परत आणा, पण तेच आणा, दुसरं नाही. असला कायदा लिहिणाऱ्यानं जन्मात कधी काही दुरुस्तीला टाकलेलं नसावं.

ऑरिन नाकासमोर चालणारा माणूस. गिऱ्हाइकाच्या गाडीला वॉशिंग्टनची नंबरपाटी दिसली की तो दहाचंच मॅगझीन काढायचा.

"म्हाताऱ्या, तू दुकानदार आहेस की पोलीस?" गिऱ्हाईक करवादायचं.

"दुकानदारच. म्हणून तर दुकान अजून उघडं आहे."

असा हा जपून वागणारा माणूस घसरला कुठे, तर घरच्याच माणसापाशी. ट्विलाचा नवरा केंटन पलीकडच्या तुरुंगात पहारेकरी होता. शरद ऋतूत त्यानं कोल्हे मारायची आपली रायफल साफ करायला आणली, सोबत तीन जुनी मॅगझिन्स. एकाचं तोंड तडकलेलं होतं. केंटन बर्गर आणायला गेला तेवढ्यात ऑरिननं तडकलेलं कचऱ्यात टाकलं आणि फळीवरचं नवं, तीस काडतुसांचं, त्याच्या पिशवीत ठेवलं. आपल्या माणसाची वस्तू मोडकी परत द्यायची नाही, ही त्याची जुनी सवय. जावयाकडून पैसे कसले घ्यायचे? आणि पैसे घेतले नाहीत म्हणजे विकलं नाही, विकलं नाही म्हणजे कायद्याचा संबंधच नाही, असं काहीतरी त्याच्या डोक्यात बसलेलं असावं.

"तडकलेलं बदललंय रे," तो म्हणाला.

"थँक्यू, ऑरिन," केंटन भरल्या तोंडानं म्हणाला आणि पूल ओलांडून घरी गेला.

हिवाळ्यात केंटनकडे चोरी झाली. चोर लगेच सापडला. त्याच्या गाडीत चार घरांचा माल होता, रायफली, मॅगझिन्स, सगळा काला झालेला. ओळख पटवायला केंटनला बोलावलं. कुठली आपली ते त्यानं सांगायच्या आत तपास अधिकारी पाडिया हिनं त्याच्या रायफलीजवळची तीन मॅगझिन्स उलटी करून पाहिली. प्लॅस्टिकवर कारखाना एक छोटी तबकडी उठवतो, त्यातला बाण महिना आणि वर्ष दाखवतो. दोन जुनी निघाली. तिसरं बंदीनंतरचं.

"हे तुमच्याकडे कुठून आलं?" तिनं विचारलं.

केंटन म्हणाला, वकिलाशी बोलल्याशिवाय सांगणार नाही. तेव्हापासून त्यानं तोंड मिटलं ते मिटलंच.

"घरीसुद्धा बोलत नाही, बाबा," ट्विला फोनवर रडकुंडीला आली होती. "गुन्हा लागला तर नोकरी जाईल त्याची. तुरुंगाच्या पहारेकऱ्यावरच गुन्हा म्हटल्यावर कोण ठेवून घेणार?"

ऑरिनला वाटलं, पोरगा माझ्यासाठी गप्प बसलाय. मला वाचवायला स्वतःचं पोट मारून घेतोय. त्याला स्वतःची लाज वाटली. सकाळी त्यानं दाढी केली, चर्चला घालायचा शर्ट घातला आणि कुणाला न सांगता पूल ओलांडला.

पाडियानं त्याला कॉफी दिली. बोलायची सक्ती नाही, वकील आणू शकता, हेही सांगितलं आणि मग रेकॉर्डर सुरू केला. बाई सरळ होती, तिला दोष देता येत नाही.

"पोरानं काही केलेलं नाही," ऑरिन म्हणाला. "बदललं मी. तो नुसता घेऊन गेला."

"पुलावरून?"

"मग काय, नदी पोहून?" ऑरिन हसला. पाडिया हसली नाही.

"मॅगझीन बदललंय हे त्याला माहीत होतं?"

"मी स्वतः सांगितलं की त्याला! लपूनछपून देणारा माणूस नाही मी."

परत येताना त्याला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. त्याच मनःस्थितीत तो मॅक्सीन टोलेफसनकडे गेला. मॅक्सीन त्याची शाळेपासूनची मैत्रीण, दोन्ही राज्यांत वकिली करणारी. त्यानं अभिमानानं सगळं सांगितलं. तिनं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ऑरिन, तुला कुणी बोलावलं होतं का रे तिथे?"

"नाही. मीच गेलो."

"अरे, घरात मॅगझीन असणं हा गुन्हाच नाही तिकडे. बाहेरून आणणं हा गुन्हा. चार घरांचा माल एकत्र झालेला. ते मॅगझीन केंटनचंच कशावरून, आणि त्यानंच आणलं कशावरून, हे त्यांना सिद्ध करताच येत नव्हतं. केंटनला त्याच्या वकिलानं गप्प बसवलं होतं ते त्यासाठीच. सुंठीवाचून खोकला जात होता! आता त्यांना साक्षीदार मिळाला. तू."

"पण चूक माझी आहे ना? मग मला धरू दे."

"तुलाही धरतील. तुझ्यावर गुन्हा लागला म्हणून त्याचा सुटत नाही. पुलावरून नेलं त्यानं."

ऑरिन पुन्हा पलीकडे गेला. या वेळी ट्विलानं त्याला गाडीतून नेलं. वाटेत त्यानं एकच वाक्य मनात घोळवलं. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

"मी परवा बोललो ते खोटं होतं," तो पाडियाला म्हणाला. "मी काही बदललं नाही. मला वयामुळे नीट आठवत नाही."

पाडिया उठली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"मिस्टर हॅस्केट, हे मी ऐकलंच नाही असं समजते. ऐकलं तर तुमच्यावर आणखी एक गुन्हा लागेल, आणि केंटनचा तसाच राहील. घरी जा."

"तुम्ही ते परवाचं पुसू नाही का शकत?"

"नाही." दार पुन्हा उघडत ती म्हणाली, "माझेही वडील असेच आहेत."

बाहेर ट्विला गाडीत बसली होती. त्याच्या तोंडाकडे पाहूनच तिला कळलं. तिनं गाडी सुरू केली.

"तुरुंगातून फोन आला होता," ती म्हणाली. "केंटनला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलंय."

"मी त्यांच्या साहेबाला भेटतो," ऑरिन घाईनं म्हणाला. "मी सांगतो त्याला, सगळं माझ्यामुळे—"

"बाबा." तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. ती रागावलेली असती तर त्याला सोसलं असतं. "तू आता आमच्यासाठी काही करू नकोस. काहीच करू नकोस, प्लीज."