पॅस्कोच्या बायकोचं नाव

थर्झा नॅनकॅरो पुस्तकं लिहायची, बायकांच्या बाजूनं भांडायची आणि गावातल्या दहा-बाराजणींची पुजारीणही होती. विक्का या निसर्गपूजक पंथाची. सणावाराला त्या टेकडीवर रिंगण धरत, देवीला हाक मारत. इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलच्या त्या कोळ्यांच्या गावात तिला कुणी त्रास दिला नाही. फक्त शेजारची जेनिफर पॅस्को अकरा वर्षं तिच्याशी बोलत नव्हती.

कारण थर्झाचं पुस्तक. साडेतीनशे वर्षांपूर्वी गावच्या एका बाईला चेटकीण ठरवून तुरुंगात टाकलं, ती तिथंच मेली. कोर्टाच्या कागदांत तिचा उल्लेख नुसता ‘पॅस्कोची बायको’. थर्झानं सगळी दप्तरं पालथी घातली, नाव काही सापडलं नाही. जेनिफरचं म्हणणं, हिनं आमच्या घराण्याची अब्रू वेशीवर टांगली.

मार्चमधल्या एका सकाळी जेनिफर दारात उभी. ऐंशीची बाई, डोक्यावर चॅपेलात प्रार्थनेला जायची टोपी, काखेत घरचं जुनं बायबल.

“आत घेतेस, की इथंच उभी ठेवतेस?”

“या ना. चहा टाकते.”

“चहा नंतर. आधी हे बघ.”

तिनं पहिलं पान खिडकीच्या उजेडाकडे धरलं. पिढ्यान्‌पिढ्या तिथं लिहिलेल्या घराण्याच्या जन्म-लग्नाच्या नोंदींत, त्याच काळातली एक ओळ शाईनं खोडली होती. खालची अक्षरं अंधूक दिसत होती: टॅमसिन.

थर्झानं अक्षरांवरून बोट फिरवलं. “तुम्हाला कधीपासून ठाऊक होतं?”

“लग्न होऊन आले तेव्हापासून. सासूनं दाखवलं आणि तोंड मिटून राहा म्हणाली. राहिले. आता पॅस्को म्हणून मी एकटीच उरले. माझ्यामागे हे पान कोण बघणार?” मग बायबल मिटत म्हणाली, “पुस्तक वाचलंय मी तुझं. दोनदा. फार पाल्हाळ लावतेस.”

“लावते खरं,” थर्झा हसली.

दिवस-रात्र सारखे होतात त्या दिवशी, दुपारी, बायका टेकडीवर जमल्या. जेनिफर रिंगणाबाहेर उभी राहिली.

“तुमच्या देवीला मी हाक मारणार नाही, आधीच सांगते.”

“नका मारू. टॅमसिनला मारा.”

एकेकीनं नाव घेतलं. जेनिफरनं सगळ्यांच्या शेवटी, चॅपेलात गायची तशा खणखणीत आवाजात. मग डोळे पुसून बरोबर आणलेला डबा उघडला आणि केशर घातलेले गोड बन-पाव वाटले.

उतरताना वाट निसरडी होती. जेनिफरनं न विचारता थर्झाचा दंड धरला आणि बंदर येईपर्यंत पॅस्कोंच्या घरातल्या बायकांच्या गोष्टी सांगत राहिली. थर्झानं वही काढली नाही. नुसती ऐकत राहिली.