पोरीच्या शास्त्राचा दगड

अक्कलकोट रोडवरच्या मंगल कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर ऊर्जागुरू एक चंदेरी दगड नाचवत होते. "हा टोपोलॉजिकल दगड! वीज याच्या कडेकडेनं धावते, कुठं अडत म्हणून नाही. गळ्यात घाला, रक्तातली साखर अशीच पळून जाईल. सुया फेका!" त्यांनी बिनतारेचा बल्ब दगडावर टेकवला. बल्ब लख्ख पेटला आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. साखर पळून जाणार कुठं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

बेंगळुरूला अशाच पदार्थांवर संशोधन करणारी हेमावती धापा टाकत आत आली. आप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, महिन्यापूर्वीच याच गुरूंचा दगड गळ्यात घालून इन्सुलिन सोडल्याचं शेजारणीनं फोनवर कळवलं होतं. आप्पा पहिल्याच रांगेत होते. चिघळलेल्या पायाला फडकं गुंडाळलेलं.

ती तडक व्यासपीठावर चढली, बल्ब हिसकावला आणि त्याच्या बुडाच्या दोन्ही टोकांना बोटं लावली. बल्ब पेटला.

"दगड कुठाय आता? यात बॅटरी आहे. लाइट गेल्यावर वापरायचा बल्ब, कुठल्याही दुकानात मिळतो. बुडाला ओलं फडकं लावलं तरी पेटेल!"

"ताईंचा हात पवित्र आहे," गुरू घाईघाईनं म्हणाले.

"बघू माजा," म्हणत समोरच्या एका म्हातारीनं बोटं लावली. पुन्हा उजेड. हशा पिकला आणि गुरूंनी मागचं दार गाठलं.

आप्पा मात्र हसले नाहीत. "म्हंजी, तू फोनवर कडंनं धावनाऱ्या इजेचं सांगायचीस ते खोटं व्हय गं?"

"खरं आहे, आप्पा. पण ते केसाहून पातळ थरात, भयंकर थंडीत, प्रयोगशाळेत. रक्ताशी त्याचा काडीचा संबंध नाही."

"मला वाटलं, माज्या पोरीचं शास्तर हाय. दुसऱ्या कुनाचं असतं तर म्या सुई सोडली नसती की. बरा झाल्यावर तुला सांगनार हुतो."

हेमावतीनं त्यांना तसंच दवाखान्यात नेलं. पण पायातलं विष अंगभर पसरलं होतं. डॉक्टरांनी शर्थ केली, तरी आप्पा गेले.

समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला ती रडत रडत एवढंच सांगायची, "डॉक्टरला विचारल्याशिवाय औषध सोडू नका. कुणी शास्त्राचं नाव घेतलं तरी विचारा, हे कसं होतं, करून दाखवा. माझं नाव घेतलं तर मला विचारा. आमच्या आप्पांनी एक फोन केला असता, तर आज ते इथं बसलेले असते."