बदाम सत्तीच्या पाठीवरचं नख

मी बदाम सत्ती बोलतेय, आणि रागानं बोलतेय, हे आधीच सांगून टाकते. पत्त्याला कसला आलाय राग, असं तुम्ही म्हणाल. पण माझं सगळं ऐकून घ्या, मग म्हणा.

कुठल्या छापखान्यात जन्मले ते आठवत नाही. आठवतं ते सोयगाव. कडूबाईनं बाजारातून आमचा डबा आणला, लेकीनं सुट्टीत उन्हात हुंदडू नये म्हणून. लेक म्हणजे विशाखा. मायलेकी शेजारणींना गोळा करून बदाम सात खेळायच्या. त्या खेळात माझा काय तो मान! मी खाली आल्याशिवाय ना राजाला कुणी विचारायचं, ना एक्क्याला. मी हातात आले की विशाखा ओठ दाबून हसायची आणि सगळ्यांना कळायचं, सत्ती कुणाकडे आहे ते. लपवाछपवी तिला कधी जमलीच नाही.

मोठी झाल्यावर ती वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली. आमचा डबाही बॅगेत आला. बजाजनगरात तिनं सुलेखाबरोबर खोली घेतली. सुलेखा तिच्याच गल्लीत वाढलेली, तिच्याच विभागात कामाला. दोघी एका ताटात जेवायच्या. कडूबाई चटणी पाठवायची ती दोघींच्या नावानं.

रविवारी दुपारी विभागातले हिमांशू आणि ऋतुराज चहाला यायचे. हिमांशूनं त्यांना पोकर शिकवलं. प्रत्येकाच्या हातात दोन पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच उघडायची, आणि ज्याची जोडणी भारी तो जिंकला. पैशाऐवजी चिंचोके. तेही मनाला येईल तेवढे लावायचे नाहीत, दर फेरीला ठरलेलेच.

ह्या खेळात माझी अगदी रया गेली. सत्तीला कोण विचारतो? पण विशाखा मला काही केल्या टाकेना.

"अरे यार, बदाम सातची सवय सोड," हिमांशू वैतागायचा. "ही आशेवरची पानं आहेत. सत्तीसोबत बदामाचीच अठ्ठी आली तर घे. तीसुद्धा सगळे आत असतील आणि स्वस्तात बसता येत असेल तरच. मधे बदाम उघडले नाहीत की गुपचूप टाकून द्यायची."

"आन् उघडले तर?"

"तर पाच बदामांची जोडणी होते, ती भारी. मग सगळ्यांकडून थोडं थोडं मिळतं. एकट्याकडून काय मिळणार? भरणारे जास्त पाहिजेत."

विशाखा शिकली. बहुतेक वेळा मला मुकाट्यानं खाली ठेवायची आणि जमलं की ओंजळभर चिंचोके ओढायची. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

दसरा जवळ आला तसं साहेबांनी सांगितलं, माल तातडीनं पाठवायचाय, चौघांतल्या एकाला दसऱ्याला यावंच लागेल, कोण ते तुम्हीच ठरवा. ह्यांनी ठरवलं, पोकर खेळू. ज्याचे चिंचोके सगळ्यात कमी, तो कामावर. सगळे हसले, विशाखा हसली नाही. दसऱ्याला, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, कडूबाई येणार होती. दरवर्षीच ती बुद्ध लेणीवर यायची, पण मोतीबिंदूमुळे पायऱ्या चाचपडत चढायची आणि अंदाजानं हात जोडायची. आता ऑपरेशन झालं होतं. "औंदा म्या डोळ्यांनी बघनार, आन् तुझ्यासंगंच बघनार," असं तिनं फोनवर बजावलं होतं. लेणीवर सुलेखालाही जायचं होतं.

खेळाच्या आदल्या दिवशी विशाखा भाजी आणायला गेली. सुलेखानं डबा उघडला, मला शोधून काढलं आणि माझ्या पाठीवरून अंगठा फिरवला. मला वाटलं, लाड करतेय. मग कोपऱ्यात नख रुतलं. बाकी कुठल्याच पानाला तिनं हात लावला नाही. विशाखाचा जीव कुठल्या पानात गुंततो, हे सुलेखाइतकं कुणाला ठाऊक असणार?

रविवारी मी विशाखाच्या हातात आले, सोबत अठ्ठी. चौघंही आत. मधे दोन बदाम उघडले, शेवटी तिसरा. पाच बदाम! विशाखानं चिंचोके पुढे सरकवले. आता बाकीच्यांनी भरलं की झालं.

"सोडा रे पानं," सुलेखा म्हणाली. "तिच्याकडं बदाम भरलाय."

"तुला कसं कळलं?" ऋतुराजनं विचारलं.

"चेहराच सांगतोय की तिचा."

तिघांनीही पानं टाकली. विशाखानं ओशाळून गालावरून हात फिरवला. तिला वाटलं, चूक आपल्या चेहऱ्याचीच. पुढं मी हातात आले तेव्हा ती दगडासारखी बसून राहिली, तरी तेच झालं. मोठी पानं तिला लाभेनात आणि माझ्यावर कुणी भरेना. शेवटी सगळ्यात कमी चिंचोके तिच्याकडेच उरले.

मंडळी गेल्यावर ती पत्ते गोळा करायला बसली. रोज बोटांनी लोखंडावरची बारीक चीर शोधणारी बाई ती. माझ्या पाठीवर येऊन तिचा अंगठा थांबला. तिनं मला खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं.

"सुलेखा, हे काय गं?"

"जुने पत्ते हायेत. घासलं असंल." सुलेखा तिच्याकडे न बघताच बोलली.

विशाखानं त्या खुणेवरून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. मग म्हणाली, "आईला लेणीवर तू घेऊन जा. पायऱ्यांवर हात धर तिचा."

"व्हय," सुलेखा म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

दसऱ्याला विशाखा कामावरून आली तेव्हा कडूबाई खोलीत बसली होती, चेहरा नुसता फुललेला. "लई गोड दिसलं गं मला सगळं. सुलेखानं फुलावानी नेलं. तुला रजा नाय भेटली, पन ह्या पोरीनं पोटच्या लेकीवानी केलं माझं."

सुलेखा भांडी घासत होती. तिचे हात थांबले.

"व्हय आई," विशाखा म्हणाली, "लई जीव हाय तिचा आपल्यावर." आणि पाणी प्यायला उठून गेली.

त्या दोघी आता एका ताटात जेवत नाहीत. पत्त्यांचा डबा माळ्यावर गेला, पण मला विशाखानं त्यात ठेवलं नाही. खिडकीचं दार वाजू नये म्हणून फटीत खोचलंय. तिला बहुधा वाटतं, मीही त्यात सामील होते. सुलेखाचा राग येतो, पण ह्या एका गोष्टीनं मला रडू येतं.

तुमच्यापैकी कुणाची तिच्याशी गाठ पडली तर एवढं सांगा. तिच्या हातात होते तेव्हा माझं तोंड सारा वेळ तिच्याकडेच होतं. माझी पाठ कुणाला काय सांगत होती, ते मला दिसत नव्हतं हो.